समजा, क्ष² + ५क्ष = त: घात उतरवण्याच्या युक्तीचा इतिहास



आज एका साध्या वाक्याचा इतिहास सांगणार आहे. ते वाक्य आपण सगळे शाळेपासून लिहीत आलोय: "समजा, अमुक बरोबर त मानू." परीक्षेच्या तयारीत या वाक्यावर आपले दोन-चार मार्क अवलंबून असतात. संशोधनात कधीकधी दोन-चार महिने अवलंबून असतात. ते कसे, हेही पुढे सांगते. कागद-पेन जवळ ठेवा, मध्येमध्ये लागेल. आणि एक सूचना: एक्स, वायच्या जागी मी जुन्या मराठी पुस्तकांप्रमाणे क्ष, य, र, त लिहिणार आहे. दोन मिनिटांत सवय होते.

हे उदाहरण बघा:

(क्ष² + ५क्ष + ४)(क्ष² + ५क्ष + ६) = १२०

घाईत असलेला विद्यार्थी कंस सोडवतो आणि अडकतो. कारण समोर येतं ते असं:

क्ष⁴ + १०क्ष³ + ३५क्ष² + ५०क्ष − ९६ = ०

तयारी केलेला विद्यार्थी कंसांना हातच लावत नाही. तो म्हणतो, समजा क्ष² + ५क्ष = त. मग (त + ४)(त + ६) = १२०, म्हणजे त² + १०त − ९६ = ०. त = ६ किंवा त = −१६. पहिल्यावरून क्ष² + ५क्ष − ६ = ०, म्हणजे क्ष = १ किंवा −६. दुसऱ्यावरून वास्तव उत्तर मिळत नाही. संपलं.

आता माझा प्रश्न. सुरुवातीला घात ४ होता, शेवटी आपण फक्त वर्गसमीकरणं सोडवली. मग तो चौथा घात गेला कुठे?

नीट पाहिलं तर तो कुठेच गेला नाही. त काढायला एक वर्गसमीकरण लागलं आणि त्यातल्या प्रत्येक त वरून क्ष काढायला आणखी एकेक. चारचे दोन गुणिले दोन झाले, एवढंच. एक उंच पायरी होती, तिच्या दोन बुटक्या पायऱ्या झाल्या. पण प्रत्येक उंच पायरीचं असं होईल का? आणि होणार नसेल तर ते आधी कसं ओळखायचं? युक्ती वापरायला लागल्यापासून हा प्रश्न नीट विचारला जाईपर्यंत माणसाला साधारण साडेतीन हजार वर्षं लागली. आजचा लेख त्या साडेतीन हजार वर्षांवर आहे.

बेरीज माहीत, गुणाकार माहीत

सुरुवात बाबिलोनपासून करू. इसवी सनापूर्वी १८०० च्या आसपासच्या मातीच्या पाट्यांवर अशा धर्तीची उदाहरणं सापडतात: दोन राशींची बेरीज दिली आहे, गुणाकार दिला आहे, राशी सांगा. आजच्या भाषेत एक उदाहरण घेऊ. बेरीज १४, गुणाकार ४५. आपण सरळ वर्गसमीकरण मांडू. पाटीवरचा लेखनिक काय करतो? बेरजेचा निम्मा घेतो, ७. त्याचा वर्ग ४९. त्यातून ४५ वजा, उरले ४. वर्गमूळ २. मग ७ + २ = ९ आणि ७ − २ = ५.

त्याच्याकडे चिन्हं नव्हती, "समजा" हा शब्दही नव्हता. पण ही कृती आपल्या चिन्हांत लिहिली तर तो दोन राशी ७ + द आणि ७ − द मानतोय. गुणाकार केला की ४९ − द² = ४५. द चा पहिला घात गायब! फक्त वर्ग उरला, आणि वर्गमूळ काढता आलं की काम झालं. मोजायची जागा मध्यावर आणली, एवढंच त्याने केलं.

मध्यमाहरण

आपल्याकडच्या बीजगणितात या कामाला फार नेमकं नाव आहे, मध्यमाहरण. मधलं पद काढून टाकणं. वर्गसमीकरणात क्ष² असतो, क्ष असतो आणि नुसती संख्या असते. त्रास देतो तो मधला क्ष.

श्रीधराचार्यांची रीत अशी: दोन्ही बाजूंना वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा आणि मधल्या सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवा. श्रीधरांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. ही रीत आपल्यापर्यंत आली ती भास्कराचार्यांनी ती त्यांच्या नावाने नोंदवली म्हणून. (आधीच्या संशोधकाचं नाव नोंदवणं किती मोलाचं असतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.)

करून बघा. ३क्ष² + १०क्ष = ३२. तीनची चौपट १२, तिने गुणलं: ३६क्ष² + १२०क्ष = ३८४. दहाचा वर्ग १०० मिळवला: ३६क्ष² + १२०क्ष + १०० = ४८४. डावीकडे (६क्ष + १०)² तयार झाला, उजवीकडे २२². म्हणून धन उत्तर क्ष = २. इथे ६क्ष + १० हाच आपला "त" आहे. अपूर्णांक टाळत मधलं पद काढलं, हा या रीतीचा खास फायदा.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केला, त्याचा इ. स. १२०७ चा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो प्रकाशात आणला. याच भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात वर्गाच्या पुढची दोन उदाहरणं आहेत. पहिलं घनाचं:

क्ष³ + १२क्ष = ६क्ष² + ३५

दोन्ही बाजूंतून ६क्ष² + ८ वजा केले तर डावीकडे क्ष³ − ६क्ष² + १२क्ष − ८ येतं, म्हणजे (क्ष − २)³. उजवीकडे २७. म्हणून क्ष − २ = ३ आणि क्ष = ५.

दुसरं चौथ्या घाताचं:

क्ष⁴ − २क्ष² − ४००क्ष = ९९९९

इथे दोन्हीकडे ४क्ष² + ४००क्ष + १ मिळवा. डावीकडे क्ष⁴ + २क्ष² + १, म्हणजे (क्ष² + १)². उजवीकडे ४क्ष² + ४००क्ष + १००००, म्हणजे (२क्ष + १००)². वर्गमूळ घेतलं की क्ष² + १ = २क्ष + १०० आणि क्ष = ११. पडताळा घ्या: १४६४१ − २४२ − ४४०० = ९९९९. बरोबर!

पण नेमकं ४क्ष² + ४००क्ष + १ च मिळवायचं हे सुचलं कसं? भास्कराचार्य इथे प्रामाणिक आहेत. अशा ठिकाणी गणकाने स्वतःच्या बुद्धीने वाट काढायची, अशी त्यांची भूमिका आहे. सर्वसाधारण नियम दिल्याचा आव ते आणत नाहीत.

आता घनाच्या उदाहरणात १२ च्या जागी १३ ठेवा. क्ष − २ = य मानलं तर येतं: य³ + य = २५. वर्गाचं पद गेलं, पण य चं पद जागेवरच राहिलं. भास्कराचार्यांच्या उदाहरणात एका बाणात दोन पक्षी पडले होते, कारण आकडे तसे निवडलेले होते. एरवी क्ष मध्ये एखादी संख्या मिळवून किंवा वजा करून एकच पद हमखास काढता येतं. उरलेल्या पदाचं काय, हा प्रश्न पुढे इटलीत सुटला.

इटलीतली भांडणं आणि व्हिएतची कमाल

सोळाव्या शतकातल्या इटलीत गणितज्ञांच्या नोकऱ्या, मानधन, नाव हे सगळं जाहीर आव्हानांवर अवलंबून असायचं. त्यामुळे रीत सापडली की ती छापायची नाही, लपवायची. बोलोन्याच्या शिपिओने देल फेर्रोला १५१५ च्या सुमारास क्ष³ + पक्ष = फ या प्रकाराची रीत सापडली. ती त्याच्या शिष्याकडे, फिओरेकडे गेली. १५३५ मध्ये फिओरे आणि तार्तालिया यांनी एकमेकांना तीस-तीस उदाहरणं घातली. तार्तालियाने त्या धडपडीत स्वतःच रीत शोधली आणि जिंकला. १५३९ मध्ये त्याने ती कार्दानोला सांगितली, पण कुणाला सांगणार नाही अशी शपथ घेऊन. १५४३ मध्ये कार्दानोने बोलोन्याला जाऊन देल फेर्रोचे जुने कागद पाहिले. मूळ शोध तार्तालियाच्या आधीचा आहे म्हटल्यावर त्याने स्वतःला शपथेतून मोकळं मानलं आणि १५४५ मध्ये 'आर्स माग्ना' या ग्रंथात सगळं छापलं. श्रेय दोघांनाही दिलं. तार्तालियाच्या मते मात्र हा सरळसरळ घात होता. (बीजगणितातला नव्हे, दुसरा.)

कार्दानोचंच उदाहरण घेऊ: क्ष³ + ६क्ष = २०. पण मी ते पुढे व्हिएत या फ्रेंच गणितज्ञाने दिलेल्या वाटेने सोडवते. त्याचं हे लेखन त्याच्या मृत्यूनंतर, १६१५ मध्ये छापलं गेलं. तो म्हणतो, क्ष च्या जागी असं काही ठेवा:

क्ष = य − २/य

(२ हा आकडा ६ भागिले ३ मधून आला.) घन करून बघा. मधली पदं एकमेकांना कापतात आणि उरतं: य³ − ८/य³ = २०. दोन्ही बाजूंना य³ ने गुणलं:

य⁶ − २०य³ − ८ = ०

इथे जरा थांबा. आपण तिसरा घात सोडवायला निघालो होतो आणि हातात आला सहावा! घात उतरवायचा म्हणून चल बदलला आणि तो दुप्पट चढला. वर्गात फळ्यावर असं झालं तर आपण घाईने पुसून टाकू. पण या समीकरणात य⁶ आणि य³ दोनच आहेत. य³ = र मानलं की र² − २०र − ८ = ०. साधं वर्गसमीकरण! र = १० + √१०८, त्याचं घनमूळ य = १ + √३. मग २/य = √३ − १ आणि क्ष = २. पडताळा: ८ + १२ = २०.

म्हणजे आपली नेहमीची समजूत, की चांगला बदल घात कमी करतो, ती बरोबर नाही. चांगला बदल समीकरणाची ठेवण उघडी करतो. त्यात आकडा वर जाऊही शकतो.

चौथा घात सोडवला कार्दानोच्याच घरी नोकर म्हणून आलेल्या फेरारीने, १५४० मध्ये. तेव्हा त्याने विशीही गाठली नव्हती. समीकरण होतं क्ष⁴ + ६क्ष² + ३६ = ६०क्ष. दोन्हीकडे ६क्ष² मिळवले की (क्ष² + ६)² = ६क्ष² + ६०क्ष. डावीकडे वर्ग झाला, उजवीकडे नाही. भास्कराचार्यांना इथे नेमकी भर सुचली होती. फेरारीने सुचण्याची वाट पाहिली नाही. त्याने डाव्या कंसात नवा अज्ञात य घातला:

(क्ष² + ६ + य)² = (६ + २य)क्ष² + ६०क्ष + (य² + १२य)

आणि विचारलं: उजवी बाजू पूर्ण वर्ग व्हायची असेल तर य किती असला पाहिजे? त्याची अट निघते य³ + १५य² + ३६य = ४५०. तिसऱ्या घाताचं समीकरण, आणि ते सोडवण्याची रीत तर घरातच होती.

भास्कराचार्य आणि फेरारी यांच्यात काही देवाणघेवाण झाली असं मी म्हणत नाही. दोन्ही शेजारी ठेवायचं कारण वेगळं आहे. जे एका उदाहरणात सुचलं होतं, त्यालाच अज्ञात मानून शोधणं, ही उडी बघा. "मला सुचलं" पासून "कुणालाही काढता येईल" पर्यंतची. संशोधनात आपल्याला बहुतेक वेळा हीच उडी मारायची असते.

सगळीच पदं काढून टाकू!

दुसऱ्या घाताला पहिल्याची मदत, तिसऱ्याला दुसऱ्याची, चौथ्याला तिसऱ्याची. साहजिकच सगळ्यांना वाटलं, पाचव्याला चौथ्याची मिळेल. फक्त योग्य बदल सापडायचा अवकाश.

१६८३ मध्ये चिर्नहाउस या जर्मन विद्वानाने मोठा दावा केला. क्ष मध्ये नुसती संख्या मिळवून एकच पद जातं ना? मग य = क्ष² + अक्ष + ब असा बदल करा, दोन पदं जातील. आणखी मोठा बदल घेतला तर आणखी पदं जातील. अखेरीस य⁵ = एक संख्या, एवढंच उरेल. पाचवं मूळ काढा आणि मोकळे व्हा.

कल्पना सुंदर आहे आणि तिसऱ्या घातापर्यंत छान चालते. अडचण हिशेबात आहे. पाचव्या घातात मधली चार पदं घालवायची तर अ, ब वगैरे सहगुणकांवर चार अटी येतात, अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या घाताच्या. त्या एकत्र सोडवायला गेलं तर १ × २ × ३ × ४ = २४ व्या घाताचं समीकरण उभं राहतं. पाच सोडवण्यासाठी चोवीस! घरातला कचरा झाडून गालिच्याखाली सारला, पण गालिचाच आता दारात मावेना. लाइब्निट्सने चिर्नहाउसला या धोक्याची जाणीव दिली होती.

तरी ही वाट अगदी वाया गेली नाही. १७८६ मध्ये स्वीडनच्या ब्रिंगने पाचव्या घाताचं समीकरण य⁵ + पय + फ = ० इतकं छोटं करता येतं हे दाखवलं. नंतर इंग्लंडमध्ये जेरार्डही स्वतंत्रपणे तिथे पोचला. फक्त तीन पदं! पण शेवटचं पाऊल काही पडेना.

माझे चार महिने

इथे स्वतःची गोष्ट सांगते. माझ्या पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी उष्णतावहनाच्या एका समीकरणावर काम करत होते. पदार्थाची वाहकता तापमानाबरोबर बदलत होती, त्यामुळे समीकरण अरेषीय होतं. अशा वेळी किर्खहोफच्या नावाने ओळखला जाणारा एक चलबदल वापरतात. तापमानाच्या जागी वाहकतेचं संकलन हा नवा चल घ्यायचा. मी घेतला, आणि ते भीतीदायक समीकरण स्थिर अवस्थेत चक्क लाप्लासचं समीकरण झालं. मी खूश. त्यावर चार महिने इमारत उभारली, छान आलेख काढले.

प्रगती अहवालाच्या सादरीकरणात मॅडमनी शांतपणे एकच विचारलं, "समीकरण सोपं झालं, पण सीमेवरच्या अटीचं काय झालं?"

सीमेवर उष्णता बाहेरच्या हवेत जात होती, आणि ती अट मूळ तापमानात लिहिलेली होती, साधी, रेषीय. नव्या चलात ती अरेषीय होत होती. मी तिकडे पाहिलंच नव्हतं, मनानेच ती रेषीय धरली होती. अडचण आतून निघून सीमेवर जाऊन बसली होती. चलबदलाचा दोष नव्हता, तो उत्तम आहे. अडचण गेली कुठे हे विचारायचं मी विसरले, हा माझा दोष. त्या आठवड्यात मी लाग्रांजबद्दल वाचायला घेतलं.

लाग्रांजने प्रश्नच बदलला

१७७० मध्ये लाग्रांज बर्लिनमध्ये होता. त्याने पाचव्या घातासाठी नवी युक्ती शोधण्याआधी जुन्या सगळ्या युक्त्या समोर मांडल्या आणि विचारलं: या चालल्या तरी का?

त्याचं उत्तर एका सोप्या उदाहरणातून समजून घेऊ.

क्ष⁴ − ५क्ष³ + ८क्ष² − ५क्ष + १ = ०

सहगुणक उलटे वाचले तरी तेच आहेत. क्ष² ने भागा आणि क्ष + १/क्ष = त माना. येतं त² − ५त + ६ = ०, म्हणून त = २ किंवा ३. हे का जमलं? कारण या समीकरणात क्ष हे मूळ असेल तर १/क्ष हेही मूळ असतं. मुळं चार, पण जोड्या दोन. आणि जोडीतलं कुठलंही मूळ घेतलं तरी त तोच येतो. म्हणजे चार मुळांवर त च्या किमती दोनच. म्हणून त चं समीकरण दुसऱ्या घाताचं.

लाग्रांजच्या लक्षात आलं की प्रत्येक युक्तीच्या मुळाशी हेच आहे. मुळांपासून अशी एक राशी बनवा, की मुळांची अदलाबदल केली तरी तिला थोड्याच किमती मिळतील. जेवढ्या किमती, तेवढ्या घाताचं मदतीचं समीकरण. चार मुळं अ, ब, क, ड घ्या आणि अब + कड ही राशी बघा. चार अक्षरांच्या अदलाबदली २४ आहेत, पण या राशीच्या किमती तीनच होतात: अब + कड, अक + बड, अड + बक. स्वतः करून बघा, चौथी सापडणार नाही. म्हणूनच चौथ्या घाताला तिसऱ्याची मदत पुरते. फेरारीला य साठी घनसमीकरण मिळालं, त्यामागे हे कारण होतं. व्हिएतच्या उदाहरणातही तसंच. तीन मुळांच्या अदलाबदली सहा, म्हणून य चा घात सहा. पण य³ च्या किमती दोनच, म्हणून र चं वर्गसमीकरण.

आता पाच. अदलाबदली १२०. तोच रस्ता धरला तर मदतीचं समीकरण सहाव्या घाताचं येतं. पाचाला मदत करायला सहा! लाग्रांजने अशक्य आहे असं जाहीर केलं नाही, पण अडचण नेमकी कुठे आहे ते बोट ठेवून दाखवलं.

पुढचं वेगाने घडलं. १७९९ मध्ये इटलीच्या रुफिनीने पाचव्या घाताला अशी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही असं मांडलं, त्याच्या सिद्धतेत एक फट राहिली होती. १८२१ मध्ये नॉर्वेतला आबेल हा विद्यार्थी उलट समजुतीत होता. आपण पाचवा घात सोडवला असं त्याला वाटत होतं, आणि त्याच्या शिक्षकांना चूक सापडत नव्हती. लेख कोपनहेगनच्या देगेनकडे गेला. त्याने फक्त एवढंच म्हटलं, एखादं आकड्यांचं उदाहरण सोडवून पाठव. उदाहरण करताना आबेलला स्वतःची चूक सापडली. तीन वर्षांनी, १८२४ मध्ये, त्याच आबेलने स्वतःच्या खर्चाने सहा पानांची पुस्तिका छापली. तिच्यात सिद्ध केलं होतं की बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि मूळ काढणं एवढ्या साधनांनी पाचव्या घाताची सर्वसाधारण उकल मिळणं अशक्य आहे. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. कुठली विशिष्ट समीकरणं सुटतील आणि कुठली नाही, हे गाल्वाने सांगितलं. तो १८३२ मध्ये विसाव्या वर्षी गेला, त्याचं लेखन १८४६ मध्ये छापून आलं.

आणि ब्रिंगचं ते तीन पदी समीकरण? १८५८ मध्ये हर्मीतने ते एलिप्टिक फलनांच्या मदतीने सोडवलं. साधनं वाढवल्यावर जुना चलबदल कामी आला. मग ब्रिंगची मेहनत वाया गेली असं कसं म्हणायचं?

तुमच्या वहीसाठी

एवढा इतिहास सांगायचं कारण म्हणजे त्या सादरीकरणापासून माझ्या वहीत पहिल्या पानावर असलेले तीन प्रश्न. कुठलाही चलबदल केला, "समजा" लिहिलं, की मी ते स्वतःला विचारते.

पहिला, अडचण गेली कुठे? समीकरणातून निघाली असेल तर सीमेवर, अटींत, उलट परतण्याच्या पायरीवर, कुठेतरी बसली असेल. ती शोधायची. चिर्नहाउसची २४ व्या घातात बसली होती.

दुसरा, हे का चाललं? कशाकशाची अदलाबदल केली तरी माझा नवा चल तोच राहतो? याचं उत्तर देता आलं तर ती रीत आहे. नाही देता आलं तर नशीब आहे.

तिसरा, आकडे घालून पाहिलं का? देगेनने आबेलला हेच विचारलं. गाइडने विचारायच्या आधी आपण विचारलेलं बरं.

जाता जाता एक गृहपाठ: २क्ष⁶ − ५क्ष⁵ + ४क्ष⁴ − २क्ष³ + ४क्ष² − ५क्ष + २ = ०. सोडवण्याआधीच सांगा, क्ष + १/क्ष = त मानलं तर त चं समीकरण कितव्या घाताचं येईल, आणि का? नुसतं "का" लिहिलंत तरी मला पूर्ण उत्तर मिळालं असं समजेन.

भेटू पुढच्या लेखात.